दोन काळ्या तारा

कानसेन हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चाळीस वर्षं रेकॉर्ड प्लेअर आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या या माणसाला ते गिऱ्हाइकांनीच चिकटवलं होतं. स्पीकर जोडताना कुठली तार लाल खुंटीला आणि कुठली काळ्या खुंटीला, याची खूण इतर कारागीर करून ठेवतात. कानसेन दोन्ही तारा काळ्याच घेत आणि जोडून ऐकत. जोडणी बरोबर असली, की गाणारी बाई दोन स्पीकरांच्या मधोमध येऊन उभी राहते. एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या, तर तिचा आवाज भिंतभर पांगतो. "खूण बहिऱ्यांनी करावी," ते म्हणत. "आपल्याला कान दिलेत की!"

सहा महिन्यांपूर्वी त्यांचा डावा कान गेला. डॉक्टरांनी नस गेल्याचं सांगितलं आणि उपाय नसल्याचंही. कानसेनांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. बायकोला आपोआप कारण सापडलं होतं : "काम सांगितलं की बरोबर बहिरे होता तुम्ही." ते हसून मान डोलवत. तेवढाच आडोसा.

दुकान केव्हाच बंद झालं होतं. लोकांची गाणी कॉम्प्युटरमध्ये गेली होती. उरली होती ती ग्रंथालयाची श्रवणखोली. तिथला संच कानसेनांनी स्वतः जुळवलेला. दर गुरुवारी सकाळी ते जात, सुईवरची धूळ झटकत, रेकॉर्ड लावत. सात-आठ म्हातारी मंडळी डोळे मिटून ऐकत. आठवड्याचे उरलेले सहा दिवस कानसेन त्या गुरुवारच्या आधारावर काढत.

आणि आता ग्रंथपालबाईंनी ठरवलं होतं, की कॉम्प्युटर आणि जुना संच मंडळींना एकामागून एक ऐकवायचे. ज्याला पसंती मिळेल तो राहील. दुसऱ्यासाठी खोलीत जागा नव्हती.

कॉम्प्युटर घेऊन आली ती कानसेनांची सख्खी भाची. तारा जोडताना कथलाचा डाग कसा द्यायचा हे ती मामाकडेच शिकली होती.

"मामा, रागावलात?"

"छे गं. तुझ्या त्या डबीत सुई नाही, धूळ नाही. बिघडणार काय आणि दुरुस्त करणार काय? रागवायला तरी जागा हवी ना!"

तिचं टेबल मांडायला त्यांचे स्पीकर हलवावे लागले. तारा सोडल्या, पुन्हा जोडल्या. मग कानसेन नेहमीच्या जागी उभे राहिले आणि त्यांनी रेकॉर्ड लावली. आवाज उजवीकडूनच येत होता. पण आताशा तो तिकडूनच येई. खर्ज पातळ लागला, पण सहा महिने सगळंच पातळ लागत होतं. मधोमध कुणीच उभं नव्हतं. तिला तिथे उभी करायला दोन कान लागतात, हे त्यांना ठाऊक होतं. तरी इतक्या वर्षांच्या सवयीने मान हलली आणि तोंडातून "ठीक" निघून गेलं.

मंडळी जमली. आधी कॉम्प्युटर वाजला. स्वच्छ, नेमका. माना डोलल्या. मग कानसेनांनी सुई ठेवली. ते आवाज ऐकतच नव्हते. ते चेहरे बघत होते.

पुढच्या खुर्चीतल्या आजोबांनी डोळे उघडले. "कानसेन, बाई कुठे गेली हो?"

"कुठली बाई?"

"गाणारी! दर गुरुवारी या इथे उभी असते. आज सगळ्या खोलीत सांडलीय नुसती."

कुणीतरी हसलं. ग्रंथपालबाईंनी हळूच घड्याळ पाहिलं. कानसेनांना कळलं, आणि तरीही ऐकू काहीच आलं नाही. एका स्पीकरच्या तारा उलट्या लागल्या असणार. पण बदलल्यावर बरोबर झालं की नाही, हे ऐकणार कोण?

"एक मिनिट हं," भाची म्हणाली. "टेबल सरकवताना माझा धक्का लागला बहुतेक."

धक्का लागलेला नव्हता. तिने रेकॉर्ड थांबवली, डाव्या स्पीकरमागे वाकली, दोन तारांची अदलाबदल केली आणि सुई पुन्हा ठेवली.

आजोबांनी डोळे मिटले. "आली!" ते म्हणाले. खोलीभर एक सुस्कारा सुटला. हात वर झाले ते जुन्या संचासाठीच, दोघे सोडून सगळ्यांचे. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "मग कानसेन, पुढच्या गुरुवारी येताय ना? तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार!"

कानसेनांना मघाशी आणि आत्ता यांत तसूभर फरक ऐकू आला नव्हता. ते हसले.

मंडळी गेल्यावर भाची त्यांच्या डाव्या बाजूला येऊन काहीतरी बोलली. त्यांनी ओ दिली नाही. मग ती उजवीकडे आली.

"मामा, कधीपासून?"

"मामीला सांगू नकोस."

"नाही सांगत. पण पुढच्या गुरुवारी काय करणार?"

कानसेनांनी पिशवी उघडली आणि सदऱ्याची बटणं लावायला ठेवलेलं लाल दोऱ्याचं रीळ काढलं. गुडघ्यांवर हात टेकत ते स्पीकरमागे बसले. दोन्ही तारा चिमटीत धरल्या. दोन्ही सारख्याच काळ्या, त्यांनीच निवडून आणलेल्या.

"पोरी," ते मान वर न करता म्हणाले, "कुठल्या तारेला बांधू?"