पूजेला मांडलेला कॉम्प्युटर

बुधवार, १ ऑक्टोबर २०२५. दिवसभर ढगाळ, पाऊस नाही. पुण्याचे रोहित आणि संस्थेच्या परदेशी बाई बेळवाडीच्या वाचनालयात आले. कॉम्प्युटर लावता आला नाही. चूक माझी. पाहुण्यांना उद्या जेवायला बोलावलं आहे. तेल आणायला हवं.

एवढं लिहून साधनाबाईंनी पेनाला टोपण लावलं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लहानपणी शिकवलं होतं, की घडलं तेवढं लिहावं, वाटलं ते देवाला सांगावं. पंचाहत्तरी उलटली तरी ती सवय सुटली नव्हती. पण आज जे घडलं ते चार ओळींत मावणारं नव्हतं.

बेळवाडी लागते ती नाशिकचा गंगापूर रोड संपल्यावर, धरणाकडे जाताना. टोमॅटो, कोथिंबीर, झेंडू पिकवणारं गाव. साधनाबाईंच्या यजमानांची तिथे थोडी जमीन होती. ते गेल्यावर बाईंनी त्यांची पुस्तकं आणि शेताकडेची मोठी खोली गावाला वाचनालयासाठी दिली, आणि गावाने त्यांना अध्यक्ष करून टाकलं.

लताबाई त्या वाचनालयात आल्या झाडू मारायला. माहेर इगतपुरीचं, वडील रेल्वेत गँगमन. दहावीला गणितात राहिल्या आणि लग्न होऊन बेळवाडीला आल्या. नवरा भाजीचा टेम्पो चालवतो. केर काढताना खाली पडलेलं वर्तमानपत्र उचलायचं आणि झाडू काखेत धरून उभ्याउभ्या वाचायचं, ही त्यांची रीत. आधीच्या ग्रंथपालांना शहरात नोकरी लागली तेव्हा कपाटांच्या किल्ल्या लताबाईंच्या हाती आल्या, त्या परत कुणी मागितल्या नाहीत.

तेव्हा वाचनालयात बायका फिरकत नसत. ओट्यावर देवरामनाना आणि त्यांची मंडळी वर्तमानपत्राची पानं वाटून घेऊन बसलेली असत. दारावर साधनाबाईंच्याच सुरेख अक्षरातला फलक होता, 'टोपल्या व क्रेट आत आणू नयेत.' बाजारातून दुपारी परतणाऱ्या बायका टेम्पोतून उतरत, उरल्यासुरल्या भाजीचे क्रेट डोक्यावर घेऊन वाचनालयासमोरून घरी जात. क्रेट बाहेर ठेवले तर जनावरं तोंड घालतात, म्हणून त्या थांबत नसत. एक दिवस तो फलक दिसेना.

"फलक कुठे गेला?" साधनाबाईंनी विचारलं होतं.

"पावसात भिजला, बाई."

"पण तो तर दाराच्या आतल्या बाजूला होता."

"आतपण गळतं."

साधनाबाईंनी छताकडे पाहिलं, लताबाईंकडे पाहिलं, आणि नवा फलक लिहिला नाही.

तीन वर्षांपूर्वी परदेशातल्या एका संस्थेने खेड्यांतल्या वाचनालयांना कॉम्प्युटर द्यायचं ठरवलं. बेळवाडीलाही एक मिळाला. इंटरनेट आणि लताबाईंचं अर्धं मानधन संस्थेकडून येऊ लागलं. लताबाईंनी कॉम्प्युटर मागच्या खिडकीशी मांडला, ओट्यावरून दिसणार नाही असा. हळूहळू क्रेटवाल्या बाया तिथे टेकू लागल्या. देवरामनाना ओट्यावरून म्हणायचे, "लताबाई, आता मेथीच्या जुड्यापण लावा कपाटात, पुस्तकं काय, वाचून झालीच आहेत."

संस्थेची अट एकच होती, की गावातल्या बायकांनी तो वापरला पाहिजे. दरेकीला आपलं नाव आणि पासवर्ड घालूनच तो उघडता येत असे, त्यामुळे कोण वापरतं ते संस्थेला पुण्यात बसून दिसे. आता तीन वर्षं संपली होती आणि पुढची मदत ठरायची होती. संस्थेचं पुण्यातलं काम बघणाऱ्या रोहितच्या लॅपटॉपवर बेळवाडीपुढे वापरणाऱ्या बायकांचा आकडा होता एक. ती एक लताबाईच. म्हणून परदेशी बाई स्वतः बघायला येणार होत्या.

पुण्याहून विचारणा आली होती, की दोन तारखेला गांधी जयंतीची सुट्टी आहे, तर एक तारीख चालेल का? साधनाबाईंनी आपली डायरी उघडली. पान कोरं होतं. त्यांनी 'चालेल' म्हणून कळवून टाकलं. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे आदल्या दिवशी खंडेनवमी, हे कळायला पंचांग लागत नाही. पण फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या बाईकडे पूजेला मांडायला अवजार ते कुठलं? लताबाईंना त्यांनी सांगितलं तेव्हा त्याही एवढंच म्हणाल्या, "येऊ द्या की. सणाला पाहुणे बरेच."

लताबाईंना वाटलं, बाईंनी मुद्दाम पूजेला बोलावलंय.

पाहुण्यांना घेऊन साधनाबाई पोचल्या तेव्हा दारात रांगोळी होती. आत टेबलावर पांढरं धोतर अंथरलेलं, त्यावर कॉम्प्युटर. पडद्याच्या कपाळी हळदकुंकू, भोवती झेंडूची जाड माळ. पुढ्यात विळे, खुरपी, फवारणीचा पंप. पुस्तकांच्या कपाटांनाही माळा. दहा-बारा बाया नवी लुगडी, साड्या नेसून भिंतीशी बसल्या होत्या.

रोहित हसला. "सुंदर. आता जरा सुरू करून दाखवता?"

लताबाई टेबलासमोरून हलल्या नाहीत. साधनाबाईंनी त्यांना कपाटाआड नेलं.

"पाच मिनिटं लावा. मग परत माळ घाला."

"पूजेतलं हलवायचं नाय, बाई. उद्या उत्तरपूजा झाली की लावते."

"उद्या ते नसतील. आज रात्री त्यांचा अहवाल जायचा आहे."

"ह्या बायांनी विळे ठेवलेत. झेंडू कालच बाजारात गेला, पण आज कोथिंबिरीच्या काडीला कुणी हात लावला नाय. आणि मीच यंत्र लावू?"

"मग वीज गेली म्हणून सांगते."

"वर पंखा फिरतोय, बाई."

साधनाबाईंनी वर पाहिलं. पंखा फिरत होता. "लताबाई, मदत बंद झाली तर इंटरनेट जाईल. तुमचं मानधनपण."

"ठाऊक हाय." लताबाईंनी पदर सारखा केला. "पण ह्यांच्या पूजेतलं मी उचललं, तर ह्या परत दाराभाईर उभ्या राहतील. आत आणायला मला दोन वर्षं लागली."

साधनाबाई पाहुण्यांकडे परत आल्या. शेवटी त्यांनी इंग्रजीत खरं तेच सांगितलं. आज कामाच्या वस्तूंना सुट्टी असते, त्यांची पूजा होते, तारीख मी चुकीची दिली. परदेशी बाईंनी ऐकून घेतलं, चपला दाराशी काढल्या आणि बायांमध्ये जमिनीवर मांडी घालून बसल्या. जमत नव्हती, तरी बसल्या.

"हा विळा कुणाचा?" त्यांनी विचारलं. साधनाबाई दोन्हीकडचं भाषांतर करू लागल्या.

"माझा," कुसाबाई म्हणाल्या. साठीच्या, टोमॅटोवाल्या.

"विळ्याशेजारी यंत्र कसं?"

"मग कुठं ठिवायचं? ज्याच्यावर पोट चालतं ते पूजेला. आवंदा माझ्या टमाट्याचा पाला आकसला. दुकानदार म्हणला, ही महागाची बाटली मार. मी पाला घिऊन हितं आले. लताबाईनं यंत्रात बगितलं, मग शेतीच्या सायबाला फोन लावला. ते म्हणले, माशीनं झालंय, ती बाटली मारून उपेग नाय, पिवळे चिकट कागद लावा. तेवढ्यात भागलं."

"तुम्ही स्वतः ते यंत्र लावता? आमच्याकडे एकच नाव दिसतं."

कुसाबाई हसायला लागल्या. "मी? बोटं बगा माझी. एका दाबात तीन अक्षरं जातील."

"आन् हात चिखलाचे," शेजारच्या गोजराबाई म्हणाल्या. "इचारायचं आमी, दाबायचं लताबाईनं. घरात चहा एकटी करती, पित्यात सगळे. मग चहा पिणारी एकच म्हणायची का?"

ओट्यावरून देवरामनानांचा आवाज आला, "मॅडमला हेपण सांगा, आम्हा बाप्यांना आत बसायला जागा उरली नाही."

"तुमी पेपर वाचा, नाना," गोजराबाई म्हणाल्या. "कालचा राहिलाय तुमचा."

साधनाबाईंनी तेही भाषांतर केलं. परदेशी बाई हसल्या, मग रोहितकडे वळून त्यांनी तो आकडा पुन्हा पाहिला. मग त्यांनी विचारलं, पाहुण्याला या पूजेत काही ठेवता येतं का?

"ठेवा की," लताबाई म्हणाल्या. "पण आधी सांगते, उद्याच मिळेल."

परदेशी बाईंनी रोहितच्या मांडीवरचा लॅपटॉप उचलला आणि कुसाबाईंच्या विळ्याशेजारी ठेवला.

"मॅडम, त्यात अहवाल आहे," रोहित म्हणाला. इंग्रजी विसरून मराठीतच म्हणाला.

लताबाईंनी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, वर एक झेंडू ठेवला.

"राहू दे रे बाबा एक दिवस," कुसाबाई म्हणाल्या. "त्यालापण इसावा."

रोहितची बायको पुण्यात दसऱ्याला वाट पाहत होती. त्याने बाहेर जाऊन तिला फोन केला, बराच वेळ बोलला, आणि आत येऊन साधनाबाईंना विचारलं, "आजी, नाशकात पुरणपोळी चांगली कुठे मिळते?" तेव्हाच साधनाबाईंनी दोघांना जेवायला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा झाली. लताबाईंनी माळ उतरवली, पडदा पदराने पुसला आणि सगळ्यांसमोर कॉम्प्युटर लावला. बाया विळे घ्यायला आल्या त्या थांबल्याच. कुसाबाईंना पावसाने गेलेल्या वाफ्यांचा पंचनामा कुठे मागायचा ते हवं होतं. गोजराबाईंच्या मुलीला नर्सिंगला जायचं होतं, त्याची शेवटची तारीख हवी होती. एकीला नवऱ्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं विचारायचं होतं, पण पाहुण्यांसमोर ती लाजत होती, म्हणून लताबाईंनी तिला जवळ बसवून हळू आवाजात वाचून दाखवलं. परदेशी बाई मागे उभ्या होत्या. दुपार कलली तरी पासवर्ड एकच होता.

रोहितने लॅपटॉप उघडून बेळवाडीपुढे नवा रकाना केला, 'प्रश्न घेऊन आलेल्या बायका', आणि त्यात कुणाकुणाचं नाव धरायचं म्हणून लताबाईंना विचारत बसला. निघताना परदेशी बाईंनी सांगितलं, एक वर्षाची मदत त्या स्वतःच्या अधिकारात देतात, पुढचं मोठ्या कचेरीत मांडतील, आणि बाकीच्या गावांतही हा रकाना घालायला लावतील. आणखी काय हवं, असंही त्यांनी विचारलं.

"दुपारी वीज जाते," लताबाई म्हणाल्या. "बाया दुपारीच येतात. एक बॅटरी द्या."

"काल तर पंखा फिरत होता," साधनाबाई हळूच म्हणाल्या.

"काल देव होता बसलेला," लताबाईंनी उत्तर दिलं आणि त्यांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली.

रात्री पाहुणे फ्लॅटवर जेवून गेले. साधनाबाईंनी आपट्याची पानं डायरीत दाबली, आधी पुढच्या वर्षीची खंडेनवमी पंचांगात बघून कोपऱ्यात टिपून ठेवली, आणि मग आजचं पान लिहायला घेतलं.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा. सकाळी ऊन. बेळवाडीचा कॉम्प्युटर लावला. मदत एक वर्ष चालू. रोहितने अकरा पुऱ्या खाल्ल्या. उरलेलं तेल गाळून बरणीत भरलं.