दिघाशीवाल्याची धार

बाबांनी त्यांचा धारेचा दगड मला सोडून दिघाशीवाल्याला दिला, आणि त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते वर्षभर थांबलं नाही. मनातलं मनात ठेवायला मला कधी जमलं नाही. फोल्डिंगमधल्या बायका माझं तोंड बघूनच विचारायच्या, "काय रे, आज परत कुणावर जळलास?"

हे दोन हजार चार-पाचच्या सुमाराचं. बी.कॉम.ला दोनदा आपटलो तेव्हा बाबांनी फार आरडाओरडा केला नाही, सरळ भिवंडीतल्या नारपोलीला, त्यांच्या फोल्डिंगच्या कारखान्यात नेऊन उभं केलं. लूमवरून उतरलेलं कोरं कापड आमच्याकडे यायचं. ते उजेडाखालच्या टेबलावरून ओढत न्यायचं, तेलाचा डाग, तुटका धागा, विणीतली चूक शोधायची, खराब असेल तेवढं कापून काढायचं आणि ताका घडी करून बांधायचा. कात्री बायकांकडे असायची. आम्हा पुरुषांच्या खिशात घडीचा चाकू. पितळी मूठ, बोटभर पातं. शेठ डझनाने आणायचे, त्यामुळे सगळ्यांचे चाकू एकाच वळणाचे. कापडाच्या काठाला चाकूने खोच द्यायची आणि एका आडव्या धाग्याच्या रेषेने हात सरळ पलीकडे न्यायचा. धार चांगली असली की कापड आवाजही करत नाही. बोथट असली की धागा ओढला जातो, काठ गोळा होतो आणि माल घेणारी पार्टी नेमकं तिथेच बोट घालते.

बाबा तिथे माझ्या जन्माच्या आधीपासून मास्तर. त्यांच्याकडे वीतभर लांबीचा, राखाडी रंगाचा, मधून झिजून खोलगट झालेला दगड होता. ते त्याला निसणा म्हणायचे. रोज सकाळी तो पत्र्याच्या डब्यात पाण्यात भिजत पडलेला असायचा. इतरांच्या चाकूंनाही तेच धार लावून द्यायचे, पण दगडाला हात लावू द्यायचे नाहीत.

मग त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला. साखर खाली येईना म्हणून डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलत होते. ज्याला डागच दिसत नाही तो फोल्डिंगमध्ये काय करणार? शेवटच्या दिवशी शेठने पेढे वाटले. बाबांनी ओल्या फडक्यातला दगड उचलला, चाचपडत टेबलाच्या टोकापर्यंत गेले आणि दिघाशीवाल्याच्या हातात ठेवला. "सांभाळ," म्हणाले. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. सख्खा मुलगा! हातात अर्धा पेढा होता, तो तसाच खिशात कोंबला.

दिघाशीवाला म्हणजे दिघाशी गावचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. माझ्यानंतर कामाला लागलेला. शेतातला माणूस, लहानपणापासून विळा-कोयता घासलेला, त्यामुळे मनगट तयार. आणि स्वभावाने इतका चांगला की संताप यायचा. वाईट माणसावर जळायला बरं पडतं, चार शिव्या घालता येतात. याला काय म्हणणार? शुक्रवारी लूम बंद, आम्हाला सुट्टी. हा पठ्ठ्या दिघाशीहून सायकल हाणत आमच्या घरी हजर. कधी वालाच्या शेंगा, कधी भेंडी. "काका, कसं हाव?" म्हणत गॅलरीत बाबांच्या पायाशी बसायचा आणि खिशातून चाकू काढून त्यांच्या हातात द्यायचा. बाबा नखावर धार बघायचे, हसायचे, "टोकाकडे जरा हलका हात ठेव" वगैरे सांगायचे. आई त्याला चहाबरोबर बिस्किटं द्यायची. मी घरातल्या घरात पेपर वाचत बसायचो आणि एक अक्षर डोक्यात जायचं नाही.

माझा चाकू बाबांनी कधी मागितला नाही. मीही दिला नाही. पण मला त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं की पोराचा हात चांगला आहे. बस, एवढंच. दगड गेला खड्ड्यात. त्याच्यापेक्षा भारी साधन आणतो आणि दाखवतो, असं मी ठरवलं.

पहिल्यांदा गेलो सायकलवरच्या धारवाल्याकडे. त्याने पायडल मारून चाक फिरवलं, ठिणग्या उडवल्या, "देखो साब, एकदम ब्लेड" म्हणाला. होतंही तसंच, पण दुपारपर्यंतच. पातं तापून निळसर पडलं होतं आणि संध्याकाळी त्याने साधी सुतळी कापली जाईना. दोन-तीनदा नेल्यावर पातंच अर्ध्यावर आलं. शेठकडे नवा चाकू मागताना जी बोलणी खाल्ली ती वेगळीच.

मग काल्हेरच्या गोदामात चेकर असलेल्या माझ्या मित्राने एक यंत्र आणून दिलं. प्लास्टिकची मूठ, वर फट, फटीत एकमेकांत अडकवलेल्या दोन छोट्या चकत्या. चाकू त्यातून चारदा ओढायचा की झालं. बाहेरचा माल आहे म्हणून मी ते सगळ्यांना दाखवत फिरलो. कागद काय झरझर कापला जायचा! दिघाशीवाल्याने पात्यावर अंगठा आडवा फिरवला आणि म्हणाला, "दाते परले हान रं. कापराला धरंल." मी म्हटलं, म्हणे दाते पडलेत, कापडाला अडकेल! तुला काय कळतंय त्यातलं. पहिल्याच ताक्याला चाकू करवतीसारखा अडकला आणि हातभर धागा ओढून बाहेर आला. त्याने तो धागा कापून टाकला आणि आपल्या ताक्याकडे वळला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

शेवटी बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन मी दगडच बघायला लागलो. तेव्हा कळलं, दगडातही निवड असते. दुकानदाराने पाच-सहा काढून ठेवले. मी प्रत्येकावर नख घासून पाहिलं. काही इतके खरखरीत की कुऱ्हाडीलाच चालावेत. काही नुसते गुळगुळीत, पात्याला लागतच नव्हते. मग दोन बाजूंचा एक मिळाला, एका अंगाने जाडसर, दुसऱ्या अंगाने बारीक. "पहले मोटे पे, फिर बारीक पे. पानी लगाओ, तेल लगाओ, सब चलता है," दुकानदार म्हणाला. यातलं मला तेवढं तेलच ऐकू आलं.

आता आमच्या भिवंडीत जे काही अडतं त्यावर आम्ही लूमचं तेल घालतो. दाराची बिजागरी, सायकलची चेन, आईचं शिवणयंत्र. माझ्या चुलत्याने तर दुखऱ्या गुडघ्यालाही चोळून पाहिलं होतं. तेव्हा दगडावर लूमचं तेल घालताना माझ्या मनात दुसरा विचारच आला नाही. घरी मन लावून अर्धा तास घासलं. पातं सुरेख झालं. दुसऱ्या दिवशी मी ताके असे सपासप कापले की बाया काम थांबवून बघायला लागल्या. मी मुद्दाम दिघाशीवाल्याच्या टेबलाजवळ जाऊन दोन जास्त कापले. नाकाने कांदे सोलत होतो म्हणा ना.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी शेठची हाक आली. मी कापलेल्या प्रत्येक ताक्याच्या टोकाला काळी रेघ होती. दगडाचा चुरा, लोखंडाचा कीस आणि लूमचं तेल, सगळं मी पात्यावर घेऊन कापडात पेरलं होतं आणि ते रातोरात धाग्यांतून बोटभर आत पसरलं होतं. तेलाचे डाग शोधायला ठेवलेल्या माणसानेच तेलाचे डाग पाडले! शेठ आधी ओरडले, मग हसले. हसले ते जास्त लागलं. "मास्तर का बेटा," एवढंच म्हणाले आणि पुढचं सगळं मला त्या तीन शब्दांतच ऐकू आलं.

जेवणाची सुट्टी झाली तेव्हा मी एकटाच टोकं कापायला बसलो. दिघाशीवाला डबा बाजूला ठेवून समोर येऊन बसला. तो एक टोक कापायचा, मी एक. त्याच्या हाताखाली कापड नुसतं बाजूला होत होतं. सगळे ताके संपल्यावर म्हणाला, "तेल न्हाय घालाचा रं. पानी. कोरा कापर हाय आपला." मग आपल्या कप्प्यातून तो ओला दगड काढून माझ्यापुढे धरला. "घेऊन जा. काकांचा हाय, तुजाच हाय."

इतके महिने ज्या दगडासाठी जळत होतो तो पुढ्यात आला होता. आणि मी काय केलं? "नको तुझी मेहेरबानी," असं म्हणून उठलो. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. दगड बाबांनी दिला असता तर मी डोक्यावर घेऊन नाचलो असतो. याने दिलेला मला नको होता. त्याने तो परत फडक्यात गुंडाळला आणि थंड झालेला डबा उघडला.

माझा दगड तेल प्यायला होता. सोडा घालून उकळला, रॉकेलमध्ये बुडवला, उन्हात ठेवला, तरी पाणी टाकलं की वर तवंग यायचा. मुकाट्याने दुसरा आणला, तसाच दोन बाजूंचा, आणि पहिल्या दिवसापासून पाण्यात ठेवला. मग मात्र जिद्दीने बसलो. कामावर जायच्या आधी मोरीत रोज. पातं दगडावर सपाट टेकवायचं आणि पाठीखाली दोन नाणी मावतील एवढंच उचलायचं, हा अंदाज हाताला बसायलाच दोन महिने गेले. जाडसर बाजूवर एका अंगाने घासत राहिलं की पलीकडच्या अंगाला बोटाला लागेल न लागेल अशी खरखर येते. ती पूर्ण लांबीवर आल्याशिवाय बाजू बदलायची नाही. मी आधी सगळी घाई करायचो ती इथेच. मग बारीक बाजूवर दाब कमी करत करत, शेवटी चाकूच्या स्वतःच्या वजनाने. आई म्हणायची, "अरे, मोरी मोकळी कर, भांडी पडलीत." तिला कुठे ठाऊक होतं माझं काय चाललंय.

फोल्डिंगमध्ये आमची धार बघायची एक पद्धत आहे. ताक्यातून सुटा धागा काढायचा, चिमटीत वरून धरायचा, खाली नुसता लोंबता सोडायचा आणि चाकू लावायचा. साधी धार त्याला ढकलून देते. खरी धार लोंबता धागा तुकडा करून खाली पाडते. एका गुरुवारी माझा धागा पडला. परत केलं, परत पडला. दिघाशीवाला बघत होता. "आयला!" तो म्हणाला, "काकांना दाव." याच्या सांगण्यावरून मी माझ्या बापाला चाकू दाखवायचा! पण त्या दिवशी राग फार टिकला नाही, इतका आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दिघाशीवाल्याच्या घरी काही कार्य होतं, तो येणार नव्हता. दुपारी लोडशेडिंग, पंखा बंद, बाबा गॅलरीत खुर्चीवर बसलेले. मी जवळ गेलो. परत परीक्षेलाच बसलोय असं वाटत होतं. काहीच न बोलता चाकू त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो उघडला. नखावर टेकवून पाहिला. मग हातावरच्या केसांवरून नेला. मग गळ्यातल्या पंच्याचा एक धागा उपसला, चिमटीत धरून लोंबता सोडला आणि चाचपडत पातं लावलं. धागा तुटून त्यांच्या मांडीवर पडला. तो त्यांनी बोटाने शोधला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा असा खुलला की मला रडूच यायला लागलं.

"वा!" ते म्हणाले. "वा रे पठ्ठे! काय हात आहे पोराचा. आता मला काही सांगायचं उरलं नाही. तो कुठाय? आत चहा घेतोय का?"

सांगायचं होतं की बाबा, तो आलेलाच नाही, हा चाकू माझा. तोंडातून निघालं, "नाही, आज कार्य आहे त्याच्याकडे. चाकू माझ्याजवळ दिला त्याने, तुम्हाला दाखवायला."

का खोटं बोललो? ते हसू त्याच्यासाठी होतं; माझं नाव ऐकून ते मावळलं असतं, तर ते बघायची माझी छाती नव्हती.

"शहाणा आहे," बाबा म्हणाले. मग हात पुढे केला. "बरं, आता तुझा दे बघू."

मी चाकू घेतला. मिटला. खिशात हात घालून बाहेर काढला, परत उघडला आणि तोच चाकू त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांनी नखावर एकदा टेकवला. केस बघितले नाहीत, धागा काढला नाही. माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवून, मी लहान असताना कमी मार्कांच्या पेपरावर सही करताना जसं बोलायचे तसं समजुतीने म्हणाले, "बरी आहे. अजून घाई करतोस तू. येईल हळूहळू."

चाकू माझा, धार माझी, आणि तिला मिळालेल्या त्या "वा"वर मी स्वतःच जळत उभा होतो.

"हो बाबा," मी म्हटलं. "येईल."