निळ्या रंगाचा माळ

शिवकांताक्काला गप्प बसणं कधी जमलंच नाही. कर्नाटकातल्या आळंदकडून लग्न होऊन ती बेंबळीजवळच्या या गावात आली, तेव्हा तिला धड मराठीही येत नव्हती. तरी पहिल्याच वर्षी सासरे बांधावरची बाभूळ तोडायला निघाले, तर ही कानडीतून त्यांच्याशी भांडली. सासऱ्यांना अर्धं कळलं, अर्धं नाही, पण कुऱ्हाड खाली ठेवावी लागली. नवरा गेल्यावर शेत तिनं आणि योगीराजनं, तिच्या मुलानं, सांभाळलं.

गावाच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ. त्यातला एक तुकडा अक्काचा, बाकीचा दुसऱ्यांचा, आणि सगळा कुसळी गवताचा. माळाच्या पायथ्याला अक्काचं काळं रान आणि रानात दगडी विहीर. भर उन्हाळ्यात गावातल्या बाकीच्या विहिरी तळ दाखवायच्या, हिच्यात पाणी असायचं. वस्तीवरच्या बायका घागरी घेऊन इथंच यायच्या. अक्का कुणाला ना म्हणत नसे. उलट एखादी दोन दिवस दिसली नाही, तर तिच्या घरी जाऊन चौकशी करायची.

विद्यापीठातून अर्पिता नावाची मुलगी आली, ती या विहिरीमुळंच. ज्वारी-करडईची रानं उसाखाली गेली, माळ नांगरले गेले, तर गावाच्या मातीचं आणि पाण्याचं पुढं काय होईल, हे तिला संगणकावर मांडून बघायचं होतं. अक्कानं तिला सगळं शिवार फिरवलं. पोरीच्या पायात काटा मोडला तर बाभळीच्याच काट्यानं काढून दिला.

महिन्याभरानं नकाशा तयार झाला. त्यात माळ निळा होता. गावावर पडणारा पाऊस तिथं मुरतो आणि खालच्या विहिरींत उतरतो, असं अर्पितानं समजावलं. "मावशी, हा माळ गवताखाली राहिला तर तुमची विहीर राहील. तिथं ऊस लावला, बोअर पाडले, तर पाणीही जाईल आणि मातीही."

नकाशा तालुक्याला साहेबांच्या कचेरीत द्यायचा होता. पण अक्का हटून बसली. "आमच्या गावाचा हाय नव्हं? मग आमाला दाखवा की. लोकांना कळलंच न्हाय तर ते माळ राखणार कसं?"

झालं, येळवसेचा दिवस ठरला. त्या अमावस्येला गावात चिटपाखरू नसतं. सारं गाव रानात, कडब्याच्या कोपीपाशी, अंबील आणि भज्जी खायला. अक्कानं आपल्या कोपीवर तो नकाशा टांगला आणि येईल त्याला आधी नकाशा दाखवला, मग अंबील दिली. लोकांनी काय मन लावून बघितलं! आपापलं रान शोधलं, बांधावर बोट ठेवलं, मोबाइलवर फोटो काढले. माळावर ज्याचं रान सगळ्यात मोठं, त्या बंडप्पानं तर अर्पिताला खोदखोदून विचारलं. अक्काचा ऊर भरून आला. त्या रात्री ती योगीराजला म्हणाली, "बघ, समजून सांगितलं की माणूस ऐकतंय."

ऐकलं होतं खरंच. संक्रांत सरते न सरते, तोच बंडप्पाच्या माळावर बोअरची गाडी चढली.

अक्का धावत गेली. "बंडप्पा, तुमी तर नकाशा बघितलाव की!"

"बघितलो म्हणूनच की, अक्का. आजवर आंधळ्यावानी भोकं पाडायलो होतो. आता संगणकानंच सांगितलंय, पाणी इथं हाय." बोलणं लबाडीचं नव्हतं. बिचारा मनापासून आभार मानत होता.

त्याला पाणी लागलं. मग कोण थांबतंय? ज्या माळाला आजवर कुणी एका शेळीच्या मोलानंही विचारलं नव्हतं, तिथं जेसीबी लागले. गवत गेलं, उतार सपाट झाला, उसाचं बेणं आलं. होळीच्या सुमाराला अवकाळी पाऊस झाला आणि वरचा मोकळा झालेला मुरूम अक्काच्या काळ्या रानात येऊन पसरला. विहिरीचं पाणी पायरीपायरीनं खाली गेलं.

अक्कानं अर्पिताला फोन लावला. "बाई, पाणी कुठं जाईल ते सगळं तुमच्या संगणकाला कळलं. नकाशा बघून माणूस काय करंल, ते घातलं नव्हतं का त्यात?"

अर्पिता म्हणाली, "नाही मावशी. ते मला सुचलंच नाही."

"मला तरी कुठं सुचलं?" अक्का म्हणाली. रागावणार कुणावर? दाखवा म्हणून हट्ट धरणारी तीच होती.

योगीराज आजवर आईच्या शब्दाबाहेर गेला नव्हता. एक दिवस जेवताना तो हळूच बोलला. "आई, तिन्ही बाजूंनी आपल्या बांधाला खेटून बोअर झालेत. आपण न्हाय पाडला तर पाणी वाचणार हाय का?"

अक्कानं हातातला घास ताटात ठेवला. ती उठली, पोराला घेऊन आपल्या माळाच्या तुकड्यावर गेली आणि उन्हाळ्यातही जिथलं गवत शेवटपर्यंत हिरवं राहतं, ती जागा बोअरसाठी तिनंच पायानं दाखवली.

पाणी लागलं. योगीराजनं गुलाल उधळला, लोकांनी पेढे खाल्ले. आठवड्यात खालच्या विहिरीत चिखल उरला.

वस्तीवरची प्रेमाबाई घागर घेऊन आली. विहिरीत वाकून बघितलं आणि वर माळावर, बोअरपाशी अक्काकडं आली. "तुमचं बरं झालं, अक्का. पाणी लागलं," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच अक्काला सोसवेना.

"इथनं भर," अक्का म्हणाली.

"उन्हाळाभर पुरंल का हे?"

"न्हाय पुरायचं," अक्का म्हणाली आणि घागर भरेपर्यंत पाइप धरून उभी राहिली.