मी खुर्चीवरून उठलो नाही

ही गोष्ट सांगायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. घरात माझ्या धाकट्या भावजयीचा विषय निघाला की मी एवढंच म्हणायचो, "तिला साताऱ्याला शिकायला ठेवून घेणार होते, पण तिनंच नको म्हटलं." पोरांनी ते ऐकलं, सुनांनी ऐकलं, आता नातवंडंही तसंच सांगतात. ते खरं नाही. ती नको म्हणाली नव्हती. ती काहीच म्हणाली नव्हती, आणि का बोलली नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

माझा धाकटा भाऊ फौजेत होता. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तो सीमेवर मारला गेला. मूलबाळ नव्हतं. पलूसजवळच्या आमच्या गावात ऊस होता, जनावरं होती. आई अंथरुणाला खिळलेली, माझी बायको दम्यानं हैराण. सगळं घर या पोरीनं उचललं. पोरी म्हणतो ते आता. तेव्हा मी तिला कुठल्याच नावानं हाक मारत नव्हतो. थोरल्या दिरापुढं धाकट्या सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मी उंबऱ्यात खोकायचो, ती पदर ओढून भिंतीकडं वळायची. मला जेवायला बोलवायचं असलं तर चुलीजवळच्या मांजराला सांगायची, "ताट वाढलंय म्हणावं." मांजर जागचं हलायचं नाही. मी उठायचो.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली गावात बायकांचं मंडळ निघालं. साताऱ्याच्या एका महिला संस्थेची ती शाखा होती. शुक्रवारी देवळाच्या ओवरीत बायका जमायच्या. माझी एक चुलती त्यात पुढं होती. तिनंच भावजयीला सभासद केलं. मी नाही म्हणालो नाही, कारण घरचं काम उरकूनच ती जायची.

मग संस्थेनं शाखेच्या सभासदांना एक दिवस मुख्य कचेरी बघायला बोलावलं. एखादीला तिथलं काम मनापासून आवडलं तर तिला वर्षभर वसतिगृहात ठेवून बालवाडीची बाई म्हणून तयार करणार होते. चुलतीनं भावजयीला न्यायचं ठरवलं. चुलती बरोबर होती, तरी मी निघालो. घरची सून परगावी जाते आणि सोबत पुरुष माणूस नाही, हे मला बरं दिसेना.

एसटीत चुलती आम्हां दोघांच्या मधे बसली. कराडला गाडी बदलली तेव्हा मी चुलतीला म्हणालो, "तिला इचार, च्या घ्यायचा का."

"तूच इचार की रं. ती काय इलायतेत बसलीया?" चुलती म्हणाली. मग भावजयीकडं वळली, "व्हय गं, च्या घेनार का? न्हाई म्हन्ती. आरं, तुमच्या दोघांत माझं टपाल झालंया. टपालाला तिकीट लागतंया, ठावं हाय न्हवं?"

पदराआड भावजयीचे खांदे हलले. ती हसत होती.

संस्थेची इमारत अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडं होती. एका खोलीत शिलाईची मशिनं खडखडत होती, गच्चीवर पापड वाळत होते. बायका आत गेल्या. मला बाहेरच्या खोलीत बसवलं. दुपारी हात धुवायला नळ शोधत मी मागच्या बाजूला गेलो आणि तिथं थांबलो.

पडवीत बालवाडी भरली होती. भावजय जमिनीवर बसली होती, पोरं तिच्या अंगावर पडत होती. पदर खांद्यावर उतरलेला. ती त्यांना आमच्याच खोंडाची गोष्ट सांगत होती, जो दावं तोडून शाळेत शिरला होता आणि मास्तरांची टोपी खाऊन आला होता. खोंड कसा डुरकला ते तिनं करून दाखवलं. पोरं किंचाळली. ती मोठ्यांदा हसली.

तिचा आवाज जरा घोगरा होता. एका घरात इतकी वर्षं राहून तो मी पहिल्यांदाच पुरा ऐकला. मी न खोकता मागं फिरलो. वाटेत माझ्या मनात जे आलं ते लिहितो, कारण खरं सांगायचं तर तेही सांगायला हवं. मनात आलं, ही आता घरी राहायची नाही. मग आईचं कोण करणार? धारा कोण काढणार? आणि लोक काय म्हणतील?

संध्याकाळच्या गाडीआधी प्रमुख बाईंनी आम्हांला कचेरीत बोलावलं. बाई मूळच्या सांगलीच्या, शिकलेल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी मला मान देऊन खुर्ची दिली, चहा दिला. चुलती आणि भावजय बाकावर बसल्या. भावजयीचा पदर पुन्हा नाकापर्यंत आला होता.

"मुलांमध्ये किती छान रमलात हो तुम्ही!" बाई तिला म्हणाल्या. "राहाल का आमच्याकडं वर्षभर?"

चुलती लगेच म्हणाली, "ऱ्हाती की! मला सांगितलंया तिनं."

"तसं नाही, मावशी. आमचा इथला एक नियम आहे. तिचं तिनं सांगायचं. नवऱ्यानं, सासूनं, भावानं दिलेलं उत्तर आम्ही धरत नाही. हो असो, नाही असो, तिच्या तोंडून आलं पाहिजे."

नियम चांगला होता. पण खोलीत मी होतो.

सगळे तिच्याकडं बघू लागले. ती पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिली. चुलतीनं माझ्याकडं पाहिलं.

"आरं, ऊठ की वाईच. भायेर वाऱ्याला बस जा."

"मी काय परका हाय व्हय?" मी म्हणालो.

"परका असतास तर बोलली असती की ती!"

प्रमुख बाई हसल्या. त्यांना ते थट्टेतलं वाटलं असावं. मीही हसलो. उठून दाराबाहेर जायचं, एवढंच करायचं होतं. मी कप उचलून तोंडाला लावला. त्यातला चहा मघाशीच संपला होता. रिकाम्या कपातून मी घोट घेतला आणि बसून राहिलो.

बाईंनी बराच वेळ वाट पाहिली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मन होत नसेल तर बळजबरी नाही हो." भावजयीनं झटकन मान वर केली. पदराखाली तिचे ओठ हलल्यासारखे दिसले. मी खाकरलो. मुद्दाम खाकरलो की घसा कोरडा पडला होता, हे मी स्वतःला नंतर फार वेळा विचारलं आहे. तिची मान खाली गेली.

परतीच्या गाडीत चुलती खिडकीशी जाऊन बसली. मधे कोणी नव्हतं.

घरी आल्यावर भावजयीनं आधी धारा काढल्या. मंडळात जाणं तिनं आपणहून सोडलं. मांजराला निरोप सांगायची, ते तेवढं चालू राहिलं. आईचं तिनं शेवटपर्यंत केलं. त्यानंतर चुलती गेली.

तेच दशक सरता सरता भावजयीला कावीळ झाली. सांगलीच्या दवाखान्यात ठेवली. आता काही खरं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी एकटाच एसटीनं निघालो. काय बोलायचं ते वाटेत मनाशी घोकत होतो. टपाल न्यायला चुलती उरली नव्हती; माझं मलाच सांगायचं होतं.

खोलीच्या दाराशी आलो आणि सवयीनं खोकलो.

तिचे डोळे मिटलेले होते. खोकला ऐकताच सलाईन लावलेला हात वर आला आणि डोक्यावर पदर शोधू लागला. पदर सापडेना, तेव्हा तिनं चादर ओढून तोंड झाकलं आणि भिंतीकडं वळली. बाटली दांडीवर हिंदकळत होती. आत गेलो तर तिला तसंच पडून राहावं लागेल, म्हणून मी बाहेर आलो. कचेरीतून जायला हवं होतं तेव्हा गेलो नाही. इथून मात्र गेलो. पहाटे ती वारली.

घोकलेलं होतं ते एवढंच:

"पोरी, त्या दिवशी मी उठायला पायजे होतं. उठलो न्हाई. चुकलं माझं."