मापाच्या वहीची मागची पानं

दीड महिना झाला. त्या शनिवारी दुपारी मी बुटीबोरीच्या पलीकडच्या माळावर होतो. दुसऱ्या दिवशी रॉकेट उडवायचं होतं, म्हणून त्याला आधार द्यायचा लोखंडी दांडा जमिनीत गाडून पाहत होतो. शेजारच्या सुनेचा फोन आला. "काका, लवकर या. काकू झोपल्या त्या उठूनच नाही राहिल्या." दांडा तसाच सोडून निघालो. बेसा वस्तीतल्या घरी पोचलो तोवर डॉक्टर येऊन गेले होते. इंदू, माझी बायको, जेवून आडवी झाली होती, तशीच गेली. चेहऱ्यावर दुखल्याची खूणही नव्हती... बाजूला शिलाई मशीन, आणि दारामागं भिंतीला टेकवलेलं रॉकेट. त्याच्या पोटात तिनं सकाळीच घडी घालून बसवलेलं पॅराशूट. मी निघताना म्हणाली होती, "घडी झाली. आता त्यात बोटं घालू नका." शेवटचं बोलणं म्हणावं तर हेच. बाकी पाण्याची बाटली घेतली का, गमछा घेतला का, एवढंच.

रॉकेट अजून तिथंच उभं होतं परवापर्यंत. माझ्या खांद्याएवढं उंच. त्यातली तिच्या हातची घडी उकलायची, तशीच जपून ठेवायची, की तशीच आभाळात सोडायची, यावर माझं डोकं पिकून गेलं.

तेरवीला आलेले लोक विचारत होते, इंदूबाई तर ब्लाऊज शिवत होत्या, त्यांचा रॉकेटशी काय संबंध? संबंध असा. मी सातवी शिकलेला, पस्तीस वर्षं कारखान्यात लेथ मशीनवर उभा राहिलेला माणूस. रिटायर झाल्यावर घरात बसून तिचं डोकं खायला लागलो, तेव्हा तिनंच मला ओळखीच्या वर्कशॉपमध्ये पिटाळलं. तिथं ढोके सर यायचे, इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवणारे. त्यांना अॅल्युमिनियमची एक कडी कातून पाहिजे होती. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, रॉकेटला. दिवाळीतलं नाही, चांगलं माणसाएवढं, रीतसर परवानगी काढून उडवायचं. त्यांच्यासारख्या दहा-बारा शौकीन लोकांचा एक ग्रुप होता. एका रविवारी पाहायला गेलो. ते वर गेलं तेव्हा आवाज छातीत बसला, मग ते दिसेनासं झालं... आणि बऱ्याच वेळानं एक लाल ठिपका डुलत डुलत खाली आला. मी साठीचा माणूस, चपला हातात घेऊन ढेकळातून त्याच्या मागं पळालो. घरी येऊन इंदूला सांगितलं, मी पण एक बनवतो. ती म्हणाली, "बनवा. पण आधी गॅलरीतला नळ दुरुस्त करा, तीन महिन्याचा गळून राहिला."

ग्रुपचा नियम साधा होता. मोटर म्हणजे रॉकेटच्या बुडात बसवायची इंधनाची नळी; आधी छोटी, मग मधली, मग मोठी. पण रॉकेट वर गेलं म्हणजे पास नाही. वर पोचल्यावर आत एक लहानसा बार उडतो, त्या धक्क्यानं रॉकेटचं टोक निघून पॅराशूट बाहेर पडतं, ते उघडून रॉकेट धड खाली आलं, लगेच परत उडवता येईल असं, तरच पास. वर जाणं सोपं. माझं पहिलं रॉकेट मस्त वर गेलं आणि पॅराशूट आतच अडकून मुळ्यासारखं जमिनीत घुसलं. घरी आलो आणि इंदूला सांगितलं, झकास झालं. तिनं माझ्या हातातली पिशवी उघडली. "झकास झालं, मंग हे भंगार कोणाचं आणलं?"

त्या दिवशी तिनं तिची मापाची वही घेतली. त्यात पुढून गिऱ्हाईक बायांची मापं, छाती, बाही, गळा. ती वही तिनं उलटी केली, मागच्या पानावर पट्टीनं तीन रकाने आखले. काय ठरवलं, काय झालं, काय बदलायचं. पुढून बाया, मागून माझे रॉकेट. मी सांगायचं आणि तिनं लिहायचं, कारण माझं अक्षर मलाच लागत नाही. वारा होता, नशीब फुटकं, कोणाची नजर लागली, असलं काही ती लिहीत नव्हती. "वारा तर रोजच राह्यते. आपल्या हातचं काय चुकलं थे सांगा." आणि तिसरा रकाना कोरा ठेवू देत नव्हती. जेवण वाढून ठेवायची, पण रकाना भरल्याशिवाय ताट पुढं सरकवत नव्हती. मी चिडायचो. हिला काय कळते, म्हणायचो.

कळत होतं. दुसऱ्यांदा पॅराशूट बाहेर आलं, पण भोकं पडलेलं. आम्ही पाच जण त्या कापडाभोवती उभे राहून कापडाची क्वालिटी, गाठ, काय काय बोललो. इंदूनं घरी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे जळलं हाय. गरम इस्त्री लागली का असंच गोळा होते." आतल्या बाराची आग नायलॉनला लागत होती. तिनं मधे जाड कापडाचा पडदा घातला आणि छोट्या मोटरवर मी पास झालो. मग नवीन कापड आणायला गांधीबागेत गेलो. दुकानदार म्हणाला, काकू, हा कपडा अंगाले टोचते, कायले नेता? तर ही म्हणे, "आमच्या ह्यांच्या खेळण्याले झबलं शिवाचं हाय." तो माझ्याकडं पाहून हसत होता. मी पिशवी घेऊन बाहेर जाऊन उभा राहिलो.

मधल्या मोटरला पहिल्या वेळी पॅराशूट उघडलं, पण दोरी शिवणीतून उसवून वेगळी झाली. ढोके सर मला हळूच म्हणाले, घरी सांगताना दोरी तुटली म्हणा. मी तसंच सांगितलं. तिनं दोरी हातात घेऊन दोन्ही टोकं पाहिली. वहीत मात्र लिहिलं: शिलाई माझी. एकेरी टीप टिकली नाही. दुहेरी घालणे. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेल्या बाईनं स्वतःची चूक अशी लिहून ठेवली. मी कारखान्यात कधी कोणाला असं करताना पाहिलं नाही. मी पण केलं नाही.

त्यानंतरची वेळ परवानगी अडकल्यानं पुढं गेली. पॅराशूट भरलेलं रॉकेट महिनाभर घरात पडून होतं, तसंच नेलं. पॅराशूट बाहेर आलं आणि गाठोड्यासारखं खाली पडलं, उघडलंच नाही. इंदूनं त्याला झटकून पाहिलं. कापडाला घडीची सवय लागली होती. वहीत लिहिलं: घडी आठ दिवसांवर ठेवू नये. उकलून परत घालणे. घडी तीच घालायची, साडीच्या निऱ्यांसारख्या चुण्या घेऊन, पावडर भुरभुरून. मी एकदा म्हटलं, मले शिकव वं. तर म्हणे, "तुमच्या खरबरीत हाताले कापडाचे धागे अटकतात. तुमी लोखंड पाहा." मला तेच बरं वाटलं. आपल्याला काय, आहेच ती, असं... पुढच्या वेळी मधली मोटर पास झाली. तिनं लिहिलं: धड आलं. शाबासकी वगैरे काही नाही. खाली लगेच: आता मोठी. मोठ्या मोटरवर दोनदा नापास झालो. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार तिसऱ्या वेळेचा होता.

मागच्या आठवड्यात ढोके सर घरी आले. ग्रुपनं येत्या रविवारी परवानगी काढली होती. म्हणाले, काकूंच्या हातची घडी आहे, तीच वर उघडू द्या, याहून मोठी श्रद्धांजली कोणती? पुण्याहून पोरीनं पण फोनवर तेच म्हटलं, आणि रडली. मलाही पटत होतं. पटायला काय लागते? त्या घडीला शेवटचा हात तिचा लागला होता. ती उकलली तर मग माझ्याकडं तिचं काही उरत नाही, असं वाटायचं. मी रोज सकाळी रॉकेटवरून कोरडं फडकं फिरवायचो आणि पुढं काही करत नव्हतो.

पण ती घडी दीड महिन्याची होती. मी सरांना म्हटलं, "सर, गाठोडं खाली पडलं, तर मी वहीत काय लिहू? काय चुकलं म्हणून लिहू? तिनं आधीच लिहून ठेवलं हाय." चहा निवून गेला.

परवा सकाळी टोक काढलं. पॅराशूट बाहेर घेतलं तर पावडरचा वास आला, तिच्या हातांना यायचा तोच. शिकता यावं म्हणून एकेक चुणी उकलून कागदावर रेघोट्या मारत बसलो. चौथ्या चुणीनंतर हात चालेना... मग उठून उभा राहिलो, कापड वर धरलं आणि झटकलं. नाही उघडलं. दुसऱ्यांदा झटकलं, तरी चुण्या तशाच धरून होतं. माळावर सोडलं असतं तर गाठोडंच पडलं असतं. तिचं बरोबर होतं. शेवटी हातानंच सोडवावं लागलं. कापड पलंगावर पसरलं, पलंग भरून गेला.

मग वही मागून उघडली. त्या रविवारची ओळ तिनं आधीच सुरू करून ठेवली होती. पहिल्या रकान्यात तिचं अक्षर: मोठी मोटर. धड खाली. पुढचे दोन कोरे. मी पेन घेऊन बसलो. दुसऱ्या रकान्यात लिहिलं, उडालं नाही. घडी घालणारी गेली. तिसऱ्याला लई वेळ लागला. मग लिहिलं, मले शिकावं लागन. अक्षर वेडंवाकडं आलं, रकान्याच्या बाहेर गेलं. सरांना फोन करून सांगितलं, येत्या रविवारी माझं धरू नका.

आता हाताला पावडर लावून घडी घालतो, पॅराशूटच्या दोरीला पिशवीतली वीट बांधतो आणि गच्चीवरून खाली सोडतो. शेजारची सून अंगणातून आपली पोरं आत घेते. काल संध्याकाळपर्यंत अकरा वेळा सोडलं. चार वेळा उघडलं. ते लिहून ठेवलं आहे, तिच्या ओळीच्या खाली.