अण्णांचं वर्षश्राद्ध आणि माझा व्हिसा

नवऱ्याकडे जायचा व्हिसा मिळाला, पण तिथे पोहोचायची शेवटची तारीख अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, वर्षश्राद्धाच्या आधीची निघाली. ती चुकली तर पुन्हा अर्ज. घरी सांगायचा धीर होत नव्हता.

आज माहेरी नांद्याला जाऊन आईला सांगितलं. चुलती म्हणाली, "घरात लगीन निघालं तर वर्षश्राद्ध आधी उरकत्यात. मग पोर नवऱ्याकडं निघाली, हे शुभकार्य न्हाई व्हय?"

गुरुजींना फोन केला. ते हो म्हणाले. लगेच तिकीट काढलं.

तेव्हा आई म्हणाली, "हे असते तर तुला आदल्या दिवशीच विमानतळावर नेऊन बसवलं असतं."

कुठलीही गाडी असो, अण्णा दोन-तीन तास आधीच स्टेशनवर जाऊन बसायचे. कितीतरी महिन्यांनी आम्ही तिघी हसलो.

तुमच्याही घरी आहे का असं कुणी?