शेवटच्या कडव्यातलं नाव

बहात्तरच्या दुष्काळात मी शेवगाव तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होतो आणि कवीही होतो. कवी असल्याचं फक्त मलाच ठाऊक होतं. मासिकांना पाठवलेल्या कविता 'साभार परत' येत. पोस्टमन पाकीट हातात ठेवताना "आलं बगा तुमचं" म्हणून हसे, तेव्हा त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटे.

गावाबाहेर रस्त्याचं दुष्काळी काम निघालं होतं. खडी फोडायला बहुतेक बायाच होत्या. त्यांच्या हातोड्या नीट करून द्यायला गावातला लोहार तिथेच भाता मांडून बसे. पन्नाशीचा माणूस, लिहिण्यावाचण्याच्या नावाने शून्य, पण आवाज खणखणीत. भजनात तुणतुणं त्याच्याकडे असायचं. मी त्याला मामा म्हणायचो. घण मारता मारता त्याने बायांसाठी एक गाणं रचलं आणि आठ दिवसांत सगळ्या खडीवर तेच ऐकू येऊ लागलं:

दगडा रं दगडा, तुला फोडिते मी
पोटातलं पानी तुझ्या शोधिते मी

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आनंद झाला नाही, पोटात दुखलं. मी महिनाभर दुष्काळावर कविता लिहीत होतो आणि हा माणूस भात्यापाशी बसून दोन ओळींत सगळं सांगून मोकळा झाला होता.

मी ते त्याच्याकडून वहीत उतरवून घेतलं. सहा कडवी होती. आमच्याकडे गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो, त्याला छाप म्हणतात. पुढे ते गाणं कुणीही, कुठेही म्हणावं, पण छाप सोडायची नाही. मामाने छाप सांगताना आवाज खाली आणला. "ह्ये नीट लिवा गुरुजी," तो म्हणाला. मी नीट लिहिलं.

पुढच्याच महिन्यात नगरच्या एका संस्थेने दुष्काळाच्या गाण्यांची स्पर्धा ठेवली. गाणं स्वतः रचलेलं हवं, ही अट होती. पहिलं येणारं गाणं रचणाऱ्याच्या नावाने छापून गावोगाव वाटणार होते. अर्जावर रचनाकाराचं नाव लिहायची जागा होती. मी टाक उचलला आणि माझं नाव लिहिलं. खाली 'ही माझी स्वतंत्र रचना आहे' असं छापलेलं होतं, त्याखाली सही केली. मनात सगळा हिशेब तयार होता: त्याला लिहिता येत नाही, कागदावर आणलं मी, दोन ठिकाणी शुद्ध केलं मी, मग निम्मं तरी माझंच की. उरलेल्या निम्म्याचं काय, हे मी स्वतःला विचारलं नाही.

राहिली छाप. मामाच्या नावाला तीन अक्षरं, माझ्या नावाला चार. ती चालीत मावेनात, म्हणून मी आधीचा 'गरीब' हा शब्द उडवला. तरी ओळ लंगडतच होती.

खरी पंचाईत पुढेच होती. गाणं नगरला मंडपात सगळ्यांसमोर म्हणून दाखवायचं होतं. मी पुढे उभा राहून म्हणणार आणि माझी ओळ मागून उचलायला, म्हणजे झील धरायला, मामाच हवा होता. त्याच्यासारखा आवाज पंचक्रोशीत नव्हता. सरावाला मी पाच कडव्यांवर थांबायचो. "शेवटचं राहू द्या मामा, ते तर तुमच्या तोंडातच आहे," असं म्हणायचो. तोही मान डोलवायचा. छाप बदलल्याचं नगरला जाताना एसटीत सांगू असं मी ठरवलं होतं.

एसटीत तो खिडकीशी बसला होता. डोक्याला धुतलेला पटका. मी तोंड उघडणार तोच तो म्हणाला, "गुरुजी, आज नगरात आपलं नाव घेतलं जानार. बायकूला सांगून आलोय." मी बाहेर बघायला लागलो. उतरल्यावर सांगू म्हटलं. उतरल्यावर आमच्या भजनातला ढोलकीवाला सोबत आला. मग मंडपामागे सांगू म्हटलं, तर तिथे आमचा पुकारा झाला.

दुपारचं ऊन मंडपाच्या कापडातून खाली उतरत होतं. समोर माणसं दाटून बसली होती. मी सुरू केलं. पहिल्याच कडव्याला बायका पुढे सरकल्या, तिसऱ्याला कुणीतरी रडलं. मागून मामाचा आवाज यायचा आणि माझी प्रत्येक ओळ दुप्पट मोठी करून जायचा. मी कडवी मोजत होतो. चार झालं. पाच झालं. गाणं इथेच संपवून नमस्कार करावा असंही मनात आलं, पण मग माझं नाव कुणाला ऐकू आलं असतं? इतकं होऊनही मला तेच हवं होतं, याची आज किळस येते.

सहाव्या कडव्यात मी माझं नाव घेतलं.

मागे तुणतुणं वाजत राहिलं, पण आवाज आला नाही. ढोलकीवाल्याने एक आवर्तन नुसतंच घुमवलं. मागे वळायची हिंमत नव्हती. आता हा पुढे येईल, सगळ्यांसमोर माझी गचांडी धरेल, आणि धरावीच, असं वाटत असताना मामाने ओळ उचलली. माझं नाव घेतलं, चारही अक्षरं. वर मी उडवलेला 'गरीब' त्याने परत बसवला, दोन अक्षरं एका सुरात घेतली आणि माझी लंगडी ओळ सरळ चालायला लागली. मला आठ दिवसांत जमलं नव्हतं ते त्याने उभ्या उभ्या केलं. मंडपाने टाळ्यांचा कडकडाट केला.

पहिला नंबर आमचा आला. संस्थेच्या चिटणिसांनी मला हार घातला आणि माइकवरून जाहीर केलं की गीताचे सर्व हक्क रचनाकाराचे असून त्याच्या लेखी परवानगीवाचून ते कुणीही म्हणू नये. मामा खाली उभा राहून लक्ष देऊन ऐकत होता.

परतीच्या एसटीत मीच बोललो. "मामा, तुम्ही थांबला का नाहीत?"

"मानसं बसल्याली हुती म्होरं," तो म्हणाला. "मधीच गानं मोडायचं कसं?" मग त्याने डोक्याचा पटका सोडला आणि मांडीवर त्याची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो शाळेत आला. हेडमास्तर माझ्या सत्काराची तयारी करत शेजारीच बसले होते. मामा दाराशी उभा राहिला. आत या म्हटलं तरी आला नाही.

"गुरुजी, खडीवर बाया ते गानं म्हनत्यात," तो म्हणाला. "काल त्या सायबांनी सांगितलं, परवानगी लागती. मी आज त्यांना गप केलंय. तुमी कागद दिला तर म्हनतील."

मी त्याच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. असता तर फार बरं झालं असतं. तो खरोखरच कागद न्यायला आला होता.

मामा, गाणं तुमचं आहे, एवढंच म्हणायचं होतं. हेडमास्तर माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी वहीचं पान फाडलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'सदर गीत म्हणण्यास माझी हरकत नाही.' खाली सही केली.

मामाने कागद उलटासुलटा बघितला. "माजा अंगटा कुटं लावायचा?"

"तुमचा नको," मी म्हणालो. "मालकाची सही पुरते."